सून कुठल्या राज्याची धरायची?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका संस्थेत नुकत्याच रुजू झालेल्या कार्यकर्तीने विचारलं आहे : आमच्याकडे पाणलोट विकासाचा आराखडा करायचं काम आलंय. पैसा परदेशी निधीसंस्थेचा आहे, म्हणून अर्जात स्त्री-पुरुष समानतेचा वेगळा विभाग भरावा लागतो. पण कर्नाटकात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या, गल्लोगल्ली बायकांचे बचतीचे संघ, गृहलक्ष्मीचे पैसे खात्यावर, बस फुकट. मग हा विभाग कशाला? भरायचाच तर सुरुवात कुठून करू? आणि ‘किती महिलांना लाभ’ या रकान्यात काय लिहू?

विभाग वेगळा नकोच, हे पहिलं उत्तर. शेवटी जोडलेली ती चार पानं लिहिणारा वाचतो आणि निधी देणारा चाळतो, बाकी कुणी बघत नाही. त्यापेक्षा आख्खा आराखडा समोर घ्या आणि ‘लाभार्थी कुटुंब’ असं जिथे जिथे लिहिलंय तिथे पेन्सिलीने खूण करा. मग प्रत्येक खुणेपाशी विचारा : या घरात बायका किती, त्यातली मोजली कोण, सुटली कोण? आमच्या भागात सुटणारी बहुतेक वेळा सून असते. त्यातही ती महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लज, कागलकडची असेल तर नक्कीच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीच्या मराठी घरांत बरीचशी सोयरीक हद्दीपलीकडची. १९५६ साली राज्याची हद्द आखली गेली तेव्हा सोयरिकी काही तुटल्या नाहीत. कागद मात्र वेगळे झाले.

गृहलक्ष्मीचंच बघा. ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटक सरकार महिन्याला २००० रुपये देतं, ते घरातल्या कर्त्या बाईला. कर्ती कोण, हे रेशन कार्डावरून ठरतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली वयाने सगळ्यात मोठी बाई घातली. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, घर पुरुषाच्या नावाने ओळखलं जाऊ नये. पण झालं काय, पैसा सासूच्या खात्यावर आला आणि तीन सुना असलेल्या घरात तिघींच्या नावावर शून्य. मग चुली वेगळ्या झाल्याचं दाखवून कार्ड फोडायची घाई सुरू झाली. आता हद्दीपलीकडे या. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत १५०० रुपये, २१ ते ६५ वयाच्या बाईने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा आणि पैसे तिच्याच आधार जोडलेल्या खात्यावर. अटी तिथेही आहेत, अडीच लाखांची उत्पन्नाची मर्यादा आहे, पडताळणीत नावं गळालीही. पण हिशोब बाईपासून सुरू होतो. दोघी सख्ख्या बहिणी, एक चंदगड तालुक्यात दिलेली, एक खानापुरात. रक्कम खानापूरची मोठी, पण हातात पैसे येतात चंदगडच्या बहिणीच्या. निवडणुकीच्या सभेत कुणाची योजना मोठी याची भांडणं ऐकली असतील. आराखडा करणाऱ्याने त्यात पडू नये. त्याने एवढंच पाहावं की एक योजना घर मोजते आणि दुसरी माणूस.

गंमत अशी की लाडक्या बहिणीच्या नियमात परराज्यातून आलेल्या सुनेची सोय आहे. जन्म दुसऱ्या राज्यातला असला आणि नवरा महाराष्ट्राचा रहिवासी असला तर नवऱ्याचे दाखले चालतात. म्हणजे बेळगावची लेक चंदगडात नांदत असेल तर ती नवऱ्याच्या कागदावर बसते. सोय झाली हे खरं, पण तिचा हक्क नवऱ्याच्या दाखल्याला टांगला गेला हेही खरं. नवऱ्याने टाकलेली असेल तर तो दाखला आणायचा कुणाकडून?

कागदांचा हा पसारा मी मुद्दाम सांगते आहे, कारण तुमच्या आराखड्यातलं रोजगाराचं काम, बी-बियाणं, शेळ्यांचं अनुदान, सगळं आधार आणि बँक खात्यावरून जाणार आहे. कर्नाटकात शक्ती योजनेची बायकांना फुकट बस ११ जून २०२३ ला सुरू झाली. कंडक्टर ओळखपत्रावरचा कर्नाटकातला पत्ता बघतो. लग्नाला चार वर्षं झाली तरी आधारवर माहेरचा पत्ता असलेली सून तिकीट काढते. महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. चंदगडहून माहेरपण आटोपून येणारी बाई शिनोळीपर्यंत अर्धं तिकीट देते, पुढे पूर्ण. निपाणीकडे हाच खेळ कोगनोळीला. पैशाने ही रक्कम थोडी आहे. पण पत्ता न बदललेल्या बाईचं रेशन कार्डात नाव नाही, मतदारयादीत नाव नाही, उद्योग खात्रीच्या, म्हणजे रोजगार हमीच्या, जॉब कार्डातही नाही, ही खूण बसच्या तिकिटावरच मिळते. गावात गेल्यावर लांबलचक प्रश्नावली घेऊन बसू नका. ‘शक्तीच्या बसला तुम्हाला तिकीट पडतं का?’ एवढं विचारा. कोण बाहेर राहिलंय ते लगेच कळतं.

अनुसूचित जातीच्या सुनेची अडचण याहून मोठी. जात जन्माने ठरते आणि यादी राज्याची असते. एकच जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरी एका राज्याचा दर्जा दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी आपोआप चालत नाही. नोकरीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या बीर सिंग खटल्यात हे पुन्हा सांगितलं. पंचायतीची जागा ‘अनुसूचित जाती महिला’ म्हणून राखीव झाली की गावातले पुढारी शिकलेली, बोलकी सून शोधतात, आणि तिचा दाखला कोल्हापूर जिल्ह्यातला निघाला की छाननीत अर्ज अडण्याची भीती असते. मग उभी कोण राहते? गावातच जन्मलेली आणि गावातच दिलेली, नाहीतर सासू. अशा गावात तुमच्या पाणलोट समितीतही त्याच बाईला बसवू नका, तिच्यावर आधीच पंचायतीचं ओझं आहे. बाहेरून आलेल्या सुनेला समितीत घ्यायला कुठलाही जातीचा दाखला लागत नाही. ही जागा तुमच्या हातात आहे, ती वापरा.

आता जमीन. पाणलोटाचं काम म्हणजे बांध, चर, नालाबांध, शेततळं. या सगळ्याचा फायदा ज्याच्या नावाचा उतारा त्याच्या रानात मुरतो. खणायला बायका असतात. भात लावायला, भांगलायला, रताळी काढायला बायका असतात. उताऱ्यावर नाव सासऱ्याचं किंवा नवऱ्याचं. उपभोक्ता गटाचं, म्हणजे या कामांचा वापर करणाऱ्यांच्या गटाचं, सभासदत्व जमीनधारकाला, अशी अट तुमच्या मसुद्यात असणारच, बहुतेक सगळ्या पाणलोटांत असते. ती खोडा आणि ‘जमीन कसणारी प्रौढ व्यक्ती’ असं लिहा. भांडण होईल, पण भांडणाची हीच वेळ आहे.

बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासच्या वेळी शिवारात यंत्रं आली तेव्हा आडव्या पडणाऱ्यांत बायका होत्या. मोबदल्याचा प्रश्न आला की मात्र उतारा बघतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कुटुंबाची व्याख्या बरी केलेली आहे : विधवा, घटस्फोटित आणि टाकलेली बाई स्वतंत्र कुटुंब धरायची. प्रौढ मुलगा असो की मुलगी, तेही स्वतंत्र कुटुंब. पण हे पुनर्वसनाच्या लाभासाठी. जमिनीची किंमत मालकालाच मिळते. वनहक्क कायदा, २००६, एका पायरीने पुढे गेला : लग्न झालेल्यांना हक्कपत्र नवरा-बायको दोघांच्या नावाने द्यायचं असं कलम ४(४) मध्येच लिहिलंय, आणि ग्रामसभेत हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका हव्यात अशी नियमांत अट आहे. जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात काम करणार असाल तर हा कायदा पाठ करा. तुमच्या निधीसंस्थेच्या कुठल्याही मार्गदर्शिकेपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

माहेरच्या जमिनीबद्दल गावात कुणी उघड बोलत नाही, तुम्हीही पहिल्या बैठकीत काढू नका. माहिती मात्र जवळ ठेवा. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क देणारे कायदे महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दोन्हीकडे १९९४ सालीच झाले, पण तेव्हा लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती भिंत पाडली. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत का, हा वाद २०२० साली विनीता शर्मा खटल्यात मिटला : नकोत. कायदा इतका स्वच्छ असूनही लेकी हक्कसोडपत्रावर सही करतात, कारण सही नाकारली तर गौरी-गणपतीला माहेरची वाट बंद. ते मी समजू शकते. मला राग येतो तो सहीशिवाय नाव गळतं त्याचा. बाप चंदगडात वारला, वारसाची नोंद तिथे झाली, नोटीस माहेरच्या घरी गेली, लेक खानापुरात. तिला कळतं तेव्हा भावांची नावं लागून वर्ष उलटलेलं असतं. महाराष्ट्राचा सातबारा आणि कर्नाटकाचा उतारा, दोन्ही मोबाईलवर दिसतात. संघाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की दहा मिनिटं काढून गट नंबर किंवा सर्व्हे नंबर टाकून बघायला शिकवा. सोडायचं की नाही हे तिने ठरवावं, पण काय सोडतेय ते बघून.

चराईबंदीचा मुद्दा तुमच्या आराखड्यात एका ओळीत आला असेल, ‘लोकसहभागातून चराई व वृक्षतोड बंदी’. लोकसहभागातून म्हणजे कुणाच्या? डोंगरउतारावरचं गवत आणि सरपण बायका आणतात, शेळी बाईची असते आणि अडीनडीला तीच विकली जाते. उतार बंद केला की पाणी तीन वर्षांनी दिसेल, पण सरपणाची फेरी उद्यापासून लांबते. बंदी एकदम सगळ्या उतारावर नको, तुकड्या-तुकड्याने घाला, आणि कुठला तुकडा आधी बंद करायचा हे गवत कापणाऱ्या बायकांना ठरवू द्या. गवळी-धनगरांचे वाडे असतील तर त्यांच्याशी वेगळं बसा. गावच्या सभेत ते बोलत नाहीत.

वेळेचा हिशोब सगळे विसरतात. देशाच्या वेळवापर सर्वेक्षणात २०१९ साली घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. २०२४ साली बायकांची मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटं वाचली म्हणून खूश व्हावं, तर पुरुषांचीही ८८ वर आली! त्यांनीही नऊ मिनिटं वाचवली. हे विनापगारी कामाचं ओझं मोजा आणि वाटून घ्या, असं शाश्वत विकास उद्दिष्टांतलं ५.४ क्रमांकाचं लक्ष्य सांगतं. तुमच्या फॉर्मवर तो आकडा असेल. गावात त्याचा अर्थ साधा आहे : श्रमदान, प्रशिक्षण, समितीची बैठक, रोपवाटिका, ही सगळी तुमच्या प्रकल्पाची कामं त्या २८९ मिनिटांच्या वर चढतात. बेळगाव शहरात जागतिक बँकेच्या कर्जातून २००८ पासून काही भागांत चोवीस तास पाणी आलं. त्याच्या अहवालांत लिटर, गळती आणि वसुली सापडते. घागरी लावून नळाची वाट बघण्यात बायकांचे किती तास जायचे, हा आकडा त्यात शोधत बसावं लागतं, आणि माझ्या मते खरा फायदा तोच. तुमच्या आराखड्यात तो रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा : पाणी, सरपण, वैरण यांना आज किती वेळ लागतो, काम झाल्यावर किती. घड्याळ घरातल्या पुरुषाला विचारून भरू नका, तो अंदाजे अर्ध्यावर सांगतो.

प्रशिक्षणात तुम्हाला शिकवलं असेल की बायकांच्या गरजा दोन प्रकारच्या : रोजच्या व्यवहारातल्या आणि सत्तेचं गणित बदलणाऱ्या. ही मांडणी १९८० च्या दशकात मॅक्सिन मॉलिन्यूने केली आणि कॅरोलिन मोझरने ती नियोजनात आणली. वर्गात ती छान वाटते. शिवारात मला ती फार ताणवत नाही. फुकट बस ही रोजची सोय, पहिल्या प्रकारात. पण त्या बसमुळे बायका कुणाला पैसे न मागता खानापूरच्या तहसीलला एकट्या जायला लागल्या, नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, आपला अर्ज आपण द्यायला लागल्या. याला कुठल्या खान्यात टाकाल? उलट, ‘अध्यक्ष महिला’ ही दुसऱ्या प्रकारातली मोठी गोष्ट, आणि पंचायतीत खुर्चीवर तिचे मालक बसलेले. कर्नाटकाने १९८७ च्या निवडणुकांत २५ टक्के जागा बायकांना दिल्या, देशाच्या घटनादुरुस्तीच्या कितीतरी आधी, आणि २०१० मध्ये त्या ५० टक्के केल्या. एवढ्या वर्षांत पदर खोचून काम करणाऱ्या अध्यक्षा मी पाहिल्यात तशा सही करून घरी जाणाऱ्याही. जागा मिळाली म्हणून काम संपलं असं नाही, आणि मालक बसतात म्हणून जागा फुकट गेली असंही नाही. दुसऱ्यांदा निवडून आलेली बाई मालकाला बाहेर बसवते, हे पुन्हा पुन्हा दिसलंय.

भाषेचं बोलायला हवं, नाहीतर सीमाभागावरचं उत्तर अर्धं राहील. सीमेच्या वादात मी पडत नाही, तो सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून आहे. ग्रामसभेचा ठराव कन्नडमध्ये लिहिला जातो. पन्नाशीच्या पुढची मराठी शाळेत शिकलेली बाई त्यावर सही करते किंवा अंगठा देते, आणि वर काय लिहिलंय ते पीडीओ (पंचायतीचे विकास अधिकारी) सांगतील तेच. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या, हे धोरण जुनं आहे. पंचायतीने पाळलं तर उत्तम, नाहीतर तुमच्या प्रकल्पाचा कागद तरी दोन्ही भाषांत काढा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. आणि एक उलटा फायदा घ्या. गावातल्या तरुण सुनांपैकी काही कन्नड शाळेतून आलेल्या आहेत, काही गोकाक-बैलहोंगलकडून मराठी घरात आलेल्या. घरात त्यांना आवाज नसतो, पण ठराव त्यांना वाचता येतो. समितीचं वाचन अशा दोघींकडे द्या. सासू सभासद आणि सून वाचणारी, असं जमलं की घरातला तोलही थोडा हलतो.

कर्जाबद्दल थोडक्यात. स्त्रीशक्ती संघ, संजीवनीचे गट, धर्मस्थळचे संघ आणि वर खासगी फायनान्स, एकेका बाईवर तीन-चार हप्ते असतात. वसुलीच्या छळामुळे २०२५ साली राज्याला सक्तीच्या वसुलीविरुद्ध कायदा आणावा लागला. तुमच्या प्रकल्पात ‘महिलांना कर्जजोडणी’ असेल तर काढून टाका. जोडणी झालेलीच आहे, नको तितकी.

सौंदत्तीच्या बाजूला काम गेलं तर देवदासी बायकांची घरं भेटतील. देवदासी सोडण्याला बंदी करणारा कायदा १९८२ सालीच झाला, बायका मात्र हयात आहेत. ‘पती/वडिलांचे नाव’ हा रकाना तुमच्या फॉर्मवरून आधी काढा, मग त्यांच्या दारात जा.

आता आंतरराष्ट्रीय भाग, कारण फॉर्म तिथूनच आलाय. निधीसंस्था प्रकल्पाला शून्य, एक किंवा दोन असा गुण देतात : समानता हेतूत नाही, हेतूंपैकी एक आहे, किंवा तोच मुख्य हेतू आहे. सगळे ‘एक’ मागतात, कारण बैठकीच्या हजेरीपत्रकावर तो मिळून जातो. तुम्हाला आधार हवा असेल तर स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव नष्ट करण्याच्या १९७९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं कलम १४ काढा. ते खास ग्रामीण स्त्रियांचं आहे आणि त्यात पहिलाच हक्क लिहिलाय तो विकासाचा आराखडा करण्यात आणि राबवण्यात सर्व पातळ्यांवर भाग घेण्याचा. भारताने हा करार जुलै १९९३ मध्ये मान्य केला. लाभ मिळण्याचा हक्क नंतर येतो, आधी आराखडा करण्याचा. तुमच्या आराखड्याचा मसुदा कुठल्याही बाईने पाहण्याआधी तयार झाला असेल, तर त्या कलमाच्या हिशोबाने तो पहिल्याच पायरीवर नापास आहे.

‘किती महिलांना लाभ’ या रकान्यात घरं गुणिले दोन असं लिहू नका, बरेच जण तेच करतात. तीन आकडे द्या : स्वतःच्या नावाच्या खात्यात मजुरी जमा झालेल्या बायका, उपभोक्ता गटात स्वतः सभासद असलेल्या बायका, आणि या दोन्हींत नसलेल्या पण त्या घरांत राहणाऱ्या बायका. तिसरा आकडा बघून निधीसंस्थेचा अधिकारी प्रश्न विचारेल. विचारू दे. त्याच प्रश्नावर तुम्हाला आधारचा पत्ता बदलण्याची शिबिरं आणि नाडकचेरीच्या फेऱ्यांचा खर्च अंदाजपत्रकात घालता येईल. सध्याच्या अंदाजपत्रकात त्यासाठी एक रुपया नसणार.

मसुदा वाचायची सभा मेच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या, रात्री जेवणं झाल्यावर, देवळात नको तर शाळेत, कारण देवळात काही बायकांना येता येत नाही. रोहिणी लागल्या की धूळवाफ पेरणी सुरू होते, मग लावणी संपेपर्यंत कुणी भेटत नाही.